फ्लो कंट्रोलबद्दल थोडं

'नेटवर्क स्विचच्या सगळ्या पोर्टवर फ्लो कंट्रोल (गर्दी झाली की पाठवणाऱ्याला थोडं थांबायला सांगणारी सोय) चालू करा, पॅकेट ड्रॉप (डेटाचे तुकडे गळणं) थांबतील' असा सल्ला दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. ड्रॉप थांबतात, पण ८०२.३एक्सची (फ्लो कंट्रोलचं इथरनेट मानक) पॉज फ्रेम, म्हणजे 'थांब' सांगणारा संदेश, प्राधान्य बघत नाही. समोरून येणारा सगळा डेटा थांबतो, क्यूओएसमध्ये (कोणता डेटा आधी जायचा हे ठरवणारी सोय) सगळ्यात वर ठेवलेला फोन कॉलचा आवाजसुद्धा! १ गिगाबिटच्या लिंकवर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांपर्यंत थांबवू शकते, आणि अशा फ्रेम लागोपाठ येत राहतात.

माझ्याकडे संथ बॅकअप सर्व्हर पॉज पाठवायचा, स्विचचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) भरायचा, मग स्विच स्वतःचा पॉज अपलिंकवर (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या लिंकवर) पाठवायचा. फोनवरचं बोलणं तुटायचं. अपलिंकवरचा फ्लो कंट्रोल बंद केला, बॅकअपला खालच्या प्राधान्याची क्यू (रांग) दिली आणि ते थांबलं. बॅकअपची काही पॅकेट गळली तरी टीसीपी (डेटा नीट पोचवणारा प्रोटोकॉल) हरवलेली पॅकेट पुन्हा पाठवतंच. त्यामुळे काहीही चालू करण्याआधी पोर्टवरचे पॉज फ्रेमचे काउंटर जरूर बघा.