गावकी म्हणते वहाळाकडून (ओढ्याकडून) वेगळा रस्ता देतो, केस मिटवा. घ्यावा का?

साकवापलीकडची (डोंबिवली, माहेर रत्नागिरी जिल्हा)

गावाचं नाव लिहीत नाही, भाऊ अजून तिथेच राहतो.

आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला. एस.टी.च्या थांब्यावर जायला एकच वाट, मधल्या वाडीतून, सहाणेसमोरून (शिमग्यात देवाची पालखी बसते तो चौथरा). पूर्वी ती जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट होती. मग ग्रामपंचायतीने रुंद करून वर काँक्रीट ओतलं. खडी-वाळूची घमेली वाहायला आमच्याच बाया होत्या, तेव्हा कुणाला ती पालखीची वाट असल्याचं आठवलं नाही.

यंदा १४ एप्रिलला मिरवणूक तिथून काढली. पुढे लेझीम, टेम्पोत बाबासाहेबांचा फोटो, मागे पांढऱ्या साड्यांतल्या बाया. सहाणेपाशी बांबू आडवा बांधलेला. "हितून पालखी जाते, तुमी वहाळाकडून जावा." वहाळाकडे करवंदीच्या जाळ्या आहेत, टेम्पो काय उडत जाणार? भावाने बांबूची दोरी सोडायला घेतली. गडग्यामागून पहिला दगड आला तो टेम्पोच्या काचेवर, दुसरा भावाच्या कपाळावर. मग दांडकी निघाली. चुलती फोटो सांभाळायला टेम्पोत चढली होती, तिला खाली ओढलं. मनगट मोडलं तिचं.

पोलिसांनी लिहून घेतलं ते "रस्त्याच्या जुन्या वादातून हाणामारी". भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२) आणि ३५२, म्हणजे साधी दुखापत आणि अपमान. जात कुठेच नाही. रात्री आमच्या पोरांवरही उलट तक्रार झाली.

आता गावकी बसली, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचे लोकही खास उतरले. म्हणणं असं: वहाळाच्या कडेने तुम्हाला स्वतंत्र रस्ता, वस्ती विकास योजनेचा निधी आणून देतो, केस मागे घ्या. आमच्यातलेही दोघेतिघे तयार आहेत. येत्या रविवारी उत्तर द्यायचंय. पावसात वहाळ चढला की तिथला साकवही (छोटा पूल) दिसत नाही, ते कुणी बोलत नाही.

तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

खालचीवाडी_परळ

ताई, राग मानू नका. मी मानकऱ्यांच्या घरातला आहे, गाव दुसरं. दगड मारणं चूकच. पण शिमग्याला ज्या वाटेने देव जातो तिथे लोकांची श्रद्धा असते. रस्ता फुकट मिळतोय तर घ्या. आपण मुंबईत, भाऊ तिथे. त्याला उद्या रात्री-अपरात्री गाडी लागली तर हाक कुणाला मारणार?

साकवापलीकडची

शेवटचा प्रश्न बरोबर आहे, त्यानेच झोप उडालीय. पण त्याच वाटेने गॅसची गाडी जाते, मासेवाली जाते, गणपतीत मुंबईच्या गाड्या हॉर्न वाजवत जातात. श्रद्धा तेव्हा कुठे असते? आम्ही एरवी गप खाली मान घालून गेलो तर आम्हालाही चालतं. लेझीम घेऊन गेलो की चालत नाही.

निवृत्त_तलाठी

कागद बोला. ग्रामपंचायतीत नमुना २३ असतो, ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. त्याची प्रत मागा. त्यात ही वाट असली तर विषय संपला, पालखी जाते म्हणून रस्ता देवस्थानचा होत नाही. काँक्रीटच्या कामाचा ठराव आणि मोजमाप पुस्तिकाही काढा. भूमी अभिलेखातून गावनकाशा. बांबू बांधणं हा सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा, तो काढायचा अधिकार पंचायतीला १९५८ च्या अधिनियमाच्या कलम ५३ ने आहे. तो का वापरला नाही, हे लेखी विचारा. कुणी मामलेदार कोर्टात जा म्हणेल. तो दावा शेतवाटेसाठी, त्यात अडकू नका.

चवदार_तळ्याशेजारी

महाडला वकिली करतो. "रस्त्याचा वाद" हा शब्द मुद्दाम येतो. अट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत, २६ जानेवारी २०१६ पासून लागू, कलम ३(१)(झेडए) आलंय: रस्ता वापरायला अडवणं आणि सामाजिक, सांस्कृतिक मिरवणूक काढायला अडवणं, दोन्ही गुन्हे. पुरवणी जबाब देऊन हे कलम वाढवायला सांगा. बांबू, सहाण, काय शब्द बोलले, सगळं त्यात यायला हवं. तपास डीवायएसपीकडे जातो. जातीचा दाखला जोडा. "तुम्ही तर बौद्ध" असं कुणी म्हणालं तर १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. गावकीच्या कागदावर सह्या करून अशी केस मिटत नाही, हे तिकडच्यांनाही सांगा. दुकानातून वाणसामान बंद केलं तर सामाजिक बहिष्काराचा वेगळा कायदा आहे, २०१७ पासून लागू.

पालखीची रूढी म्हणतात ना? आमच्याकडेही तेच होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा, चवदार तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, दोन्ही कागदावर. २० मार्च १९२७ ला लोकांनी पाणी घेतलं तेव्हा वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांना मांडवात आणि गावातल्या रस्त्यांवर गाठून मारलं. मारणाऱ्यांपैकी ५ जणांना ४ महिने सक्तमजुरी झाली. मग सवर्ण रूढी सांगत दिवाणी दाव्यात गेले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने रूढी सिद्ध झालीच नाही म्हटलं. १० वर्षं गेली, हेही खरंच. रविवारी जाताना ते धरून चाला.

साकवापलीकडची

वाडीत फोनवर बोलले. ठरलं असं, वहाळाचा रस्ता निधी आला तर खुशाल करा, शेतावर जायला होईल. पण त्याच्या बदल्यात सहाणेची वाट सोडत नाही. तयार असलेल्यांपैकी एकजण अजून कुरकुरतोय, त्याचं वाण्याकडे खातं आहे, त्याचंही चुकीचं म्हणवत नाही. पुरवणी जबाब चुलती देणार, डाव्या हाताचा अंगठा लावून. नमुना २३ साठी भाऊ ग्रामपंचायतीत गेला होता. ग्रामसेवक रजेवर, सोमवारी या म्हणाले. बैठक रविवारी आहे, त्यांना चांगलं माहीत आहे.

निवृत्त_तलाठी

अर्ज आवक-जावकला टाकून पोच घ्या. शिक्का नसेल तर रजिस्टर पोस्ट करा, पोस्ट रजेवर जात नाही.