संरक्षित वारसास्थळं प्रत्यक्ष का बघायची?

प्रश्न: फोटो घरबसल्या दिसतात. गर्दीने उलट नुकसानच होतं ना?

उत्तर १: होतं की. फ्रान्समधली लास्को गुहा, आदिमानवाच्या भित्तिचित्रांची, १९६३ मध्ये पर्यटकांसाठी बंद केली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा, शिवाय दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. आता प्रतिकृती दाखवतात. पण रवांडात बघा: गोरिलांच्या एका कळपाजवळ दिवसाला आठच पर्यटक, तेही तासभर. राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो. जंगल राखणं परवडतं ते त्यामुळे.

उत्तर २: जाण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासा, खाचांतल्या मातीतून तणाचं बी जातं. पायवाट सोडू नका. माती दबली की पाणी मुरत नाही. आणि कोरीवकामाला हात नको, बोटांचं तेल दगडात मुरतं!