हॅरिसन यांचं घर: डागडुजीसाठी निधी की माणसांसाठी?

एकांनी विचारलंय की अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या इंडियानापोलिस शहरातल्या घरासाठी (आता तिथे संग्रहालय आहे) निधी जमवायचा, तर तो विटा आणि छपरालाच द्यावा, 'नागरिक घडवण्याचे' कार्यक्रम मध्ये कशाला? मला हे पटत नाही.

हे घर १८७४-७५ मध्ये बांधलं. १८८८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हॅरिसन प्रचारासाठी फारसे फिरले नाहीत, लोकच त्यांच्याकडे आले. सुमारे ३ लाख माणसांनी त्या उन्हाळ्यात आणि पुढे शरदात त्यांची भाषणं ऐकली, असं सांगतात. म्हणजे या वास्तूचं मोल मुळात दारात जमलेल्या माणसांमुळे आहे. आजही जुलैच्या सुमारास तिथल्या हिरवळीवर अमेरिकेचं नागरिकत्व नव्याने घेणाऱ्यांचा शपथविधी होतो. ते बंद करून नुसती लाकूडकामाची डागडुजी केली, तर उरेल फक्त जुन्या फर्निचरचा वाडा.

छप्पर गळायला नको, हे मान्यच. पण देणगीच्या आवाहनात शाळकरी मुलांच्या भेटींचा खर्चही तितक्याच ठळकपणे मांडावा, लपवू नये. मी स्वतः त्यासाठी आधी पैसे देईन.