डॉलीची जुनी वाट आणि नवी गाणी
अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचा 'द ग्रास इज ब्लू' (१९९९) हा अल्बम म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, डोंगरातली जुनी गाणी पुन्हा गायली एवढंच, असं काही जण म्हणतात. सूर जुना आहे हे मान्य. टेनेसीच्या डोंगराळ सेव्हियर काउंटीत वाढलेल्या बाईला ब्लूग्रास, म्हणजे तारांच्या वाद्यांवरचं ते डोंगरी संगीत, कुणी शिकवायची गरज नव्हतीच. पण गाण्यांची यादी बघा. अल्बम उघडतो तो 'ट्रॅव्हलिन प्रेयर'नं, आणि ते पॉप-रॉक गायक बिली जोएलचं! त्याच्या १९७३च्या 'पियानो मॅन'मधलं. 'ट्रेन, ट्रेन' गाजवलं ते ब्लॅकफूट या सदर्न रॉक बँडनं. शीर्षकगीत तर डॉलीनं स्वतः लिहिलंय. म्हणजे परंपरा गाण्यांच्या वयात नाही, वाजवण्यात आहे.

आणि वाजवणारे कोण? डोब्रोवर (धातूच्या तबकडीनं आवाज मोठा करणारी गिटार) जेरी डग्लस, मँडोलिनवर सॅम बुश, फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) स्टुअर्ट डंकन, बँजोवर जिम मिल्स. ड्रम्स नसताना ताल कसा धरला जातो ते ऐकायचं असेल तर मँडोलिनच्या 'चॉप'कडे कान द्या. तारा दाबून लगेच सोडल्यानं येणारा तो कोरडा ठोका ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागी, पडतो आणि ढोलकीचं काम करतो. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर निम्मं हरवतं. या अल्बमला सर्वोत्कृष्ट ब्लूग्रास अल्बमचं ग्रॅमीही मिळालं, पण मला विचाराल तर पुढचा 'लिटल स्पॅरो' (२००१) जास्त काळजाला भिडतो.