गेम खेळताना पीसी सारखा बंद पडतोय, लवकर उपाय सांगा (नाशिक)

रात्रपाळी
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. गेम सुरू केला की थोड्या वेळात पीसी बंद. परत चालू केला तर चालू होतो, परत खेळायला बसलो की परत बंद. ड्रायव्हर नवे टाकले, गेम काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. दुकानदाराने आठवडाभर ठेवून घेतला आणि "आमच्याकडे मस्त चालतोय, काही प्रॉब्लेम नाही" म्हणत परत दिला. घरी आणला, त्याच संध्याकाळी पुन्हा बंद. शनिवारी मित्रांबरोबर मॅच आहे. ग्राफिक कार्ड ३०६० आहे. काय बदलायचं ते सरळ सांगा, उद्याच आणतो.

सोल्डर
"बंद" म्हणजे नेमकं काय होतं ते आधी सांग. निळा स्क्रीन येतो? गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो? चित्र गोठून आवाज घरघरतो? की पंख्यांसकट थेट अंधार? चारही आजार वेगळे, औषधं वेगळी. प्रोसेसर कोणता, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा, कधी घेतला, तेही लिही.

थंडगार
एवढं विचारायची गरज नाही, हीट आहे. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि लोक कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवतात. कूलर काढ, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लाव, पंख्यातली धूळ ब्लोअरने उडव. माझा पीसी असाच ठीक झाला.

रात्रपाळी
थेट अंधार. काहीच येत नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स, १६ जीबी रॅम, एसएमपीएस ५५० वॅट. कोविडनंतर घेतलाय सगळा सेट. तापमान बघितलं दादा, गेममध्ये प्रोसेसर ७२, कार्ड ६८.

सोल्डर
मग हीट नाही. ५६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथे पोचला तरी तो आधी वेग कमी करतो, फटकन मरत नाही. पेस्टला हात लावू नकोस.

थंडगार
व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग, तापत असेल. त्याचं तापमान सगळ्या बोर्डांवर दिसत नाही. कॅबिनेटची बाजू उघडून टेबल फॅन लावून खेळून बघ, पैसे तर लागत नाहीत.

वॅटवाला
एसएमपीएस गेलाय, लिहून देतो. ३०६० ला ५५० वॅट म्हणजे काठावर. ८५० वॅटचा गोल्ड घे आणि मोकळा हो. पुढे मोठं कार्ड घेतलंस तरी चालेल.

सोल्डर
३०६० ची खपत १७० वॅट आणि एनव्हिडिया स्वतः ५५० चाच एसएमपीएस सुचवते. ५६००एक्स ६५ वॅटचा, बूस्टमध्ये ७६ पर्यंत जातो. रॅम, एसएसडी, पंखे धरून तीनशेच्या आसपास. काठावर कुठे आहे?

वॅटवाला
कागदावर. कार्ड क्षणभरासाठी लिहिलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळतं, त्यातच हलका एसएमपीएस ट्रिप होतो, म्हणजे स्वतःच बंद होतो. आणि ८० प्लस ब्राँझ बघून भुलू नका. ते वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, आतली संरक्षण सर्किटं चांगली आहेत असं ते सांगत नाही.

सोल्डर
हे बरोबर आहे, मान्य. पण तपासल्याशिवाय पोराला आठ-दहा हजारांचा खड्डा कशाला?

विंडोजप्रेमी
भाऊ, एकदा फॉरमॅट मारून फ्रेश विंडोज टाक. ८० टक्के प्रॉब्लेम तिथेच जातात. आणि ग्राफिकचा ड्रायव्हर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये काढायचा, नुसता वरून टाकायचा नाही.

देवळालीचा
तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल असेल तर सावध. आय९, आय७ जास्त व्होल्टेजने खराब होत होते, गेम शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) बनवताना कोसळायचे. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये झिरो-एक्स-१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कोडची दुरुस्ती) दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट करून घ्या.

रात्रपाळी
इंटेल नाहीये माझ्याकडे, वर लिहिलंय. फॉरमॅट दुकानदाराने करून दिला, तरी तेच. कोणीतरी एक काय ते सांगा प्लीज.

सोल्डर
स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोध. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळेची लाल नोंद बघ. कर्नल-पॉवर ४१ असेल. तपशिलात बगचेककोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा आकडा) शून्य आहे की दुसरा काही आकडा?

रात्रपाळी
हो, ४१ च आहे, भरपूर आहेत. शून्य लिहिलंय. म्हणजे एसएमपीएस ना?

वॅटवाला
झालं सिद्ध. ४१ म्हणजे पॉवर. नावातच आहे.

सोल्डर
नाही हो. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. चालू असताना वायर उपटली तरी हीच नोंद पडते. शून्य म्हणजे विंडोजला निळा स्क्रीन नोंदवायलाही सवड मिळाली नाही. वीज तुटली, पण भिंतीपासून बोर्डापर्यंत कुठे तुटली हे त्यातून कळत नाही.

आता दोन प्रश्न, नीट आठवून सांग. अंधार होतो तेव्हा मॉनिटरचा छोटा दिवा चालू राहतो की तोही विझतो? आणि पीसी थेट भिंतीच्या बोर्डाला आहे की मध्ये काही आहे?

पवननगरी
विषय निघालाच आहे तर विचारतो, भाचा यंदा इंजिनीअरिंगला जातोय, साठ हजारांत लॅपटॉप कोणता घ्यावा? त्याला गेम नको, कोडिंग करायचं आहे.

रात्रपाळी
मॉनिटरचा दिवापण विझतो. सगळंच जातं. मध्ये यूपीएस आहे, सगळ्यांकडे असतो तसा. ६०० व्हीए. घरातल्या लाईट-पंख्यांना काही होत नाही, म्हणून वीज गेली असं वाटत नाही.

सोल्डर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मॉनिटरला वीज एसएमपीएसमधून जात नाही. एसएमपीएस ट्रिप झाला असता तर मॉनिटरचा दिवा राहिला असता, "नो सिग्नल" आलं असतं. दोन्ही एकदम विझतात म्हणजे दोघांच्या वरचं काहीतरी तुटतंय. आणि दुकानात पीसी चालला, कारण तिथे तुझा यूपीएस नव्हता.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. या साईजचे यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. तुझा पीसी भर गेममध्ये भिंतीतून सव्वातीनशे ते साडेतीनशे ओढणार, वर मॉनिटरचे पंचवीस-तीस. म्हणजे यूपीएस आधीच काठोकाठ. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो बॅटरीवर जातो. ब्राउझर उघडा असताना शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत, तेव्हा ते कळतही नाही. गेममध्ये मात्र पूर्ण भार दमलेल्या बॅटरीवर येतो आणि यूपीएस जागच्या जागी मान टाकतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. कोविडनंतर बदलली आहेस का?

रात्रपाळी
नाही, कधीच नाही. हेडफोन असतात, बीप वाजत असेल तर ऐकू येत नाही. जास्त करून संध्याकाळी सात ते दहातच होतं हे खरं. दुपारी क्वचित.

पंचवटीकर
संध्याकाळचं व्होल्टेज आमच्याकडेही तसंच. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, कुठे ना कुठे केबल तुटते. आणि एकलहऱ्याला एवढं वीज केंद्र शेजारी असून आपल्यालाच कमी व्होल्टेज, हे पटत नाही.

अर्थिंगकाका
एकलहऱ्याची वीज ग्रीडमध्ये जाते, शेजारी राहतो म्हणून जास्त मिळत नाही. व्होल्टेज पडतं ते आपल्या डीपीवर संध्याकाळी एसी, मोटारी, गिझर एकदम चालू होतात म्हणून. बेटा, इलेक्ट्रिशियन बोलावून मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही मोजून घे. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग बघायला हवं. पीसीचं कॅबिनेट हाताला झिणझिणतं का?

थंडगार
व्होल्टेज कमी झालं तर थेट भिंतीला लावूनही बंदच पडेल ना? मग यूपीएसला दोष कशाला?

सोल्डर
नाही पडणार. आताच्या बहुतेक एसएमपीएसना १०० ते २४० व्होल्ट चालतात. १८० झाले तरी तो बिनबोभाट ओढतो. घाबरून बॅटरीवर उडी मारतो तो यूपीएस.

रात्रपाळी, आज संध्याकाळी यूपीएस काढ. चांगल्या स्पाइक बस्टरमधून पीसी आणि मॉनिटर थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लाव आणि नेहमीचाच गेम नेहमीच्याच वेळी खेळ. वीज गेली तर न सेव्ह केलेलं जाईल, एवढं लक्षात ठेव. तरी बंद पडला तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के करून पुन्हा खेळ. त्याने थांबलं तर वॅटवाल्यांचं म्हणणं खरं, एसएमपीएस बघू.

वॅटवाला
हे चालेल. पण कार्डाची केबल कनेक्टरमध्ये टक आवाज येईपर्यंत बसली आहे का तेही बघून घे.

रात्रपाळी
काका, कॅबिनेट झिणझिणत नाही. सोल्डर दादा, काल सातपासून अकरापर्यंत खेळलो, थेट सॉकेटला. एकदाही बंद नाही! मध्ये ट्यूबलाईट मंद झाली होती तेव्हासुद्धा नाही. केबल नीट बसलेली आहे. आता यूपीएसमध्ये फक्त बॅटरी बदलू की नवा घेऊ?

विंडोजप्रेमी
ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांना यूपीएस लागतच नाही.

सोल्डर
वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर बदल होताना लागणारा वेळ पीसीला जास्त पडू शकतो, यूपीएस मोडवर ठेवला तर बरेचदा निभतं. रात्रपाळी, नुसती बॅटरी बदललीस तरी ३६० वॅटची मर्यादा तिथेच राहते. १००० ते ११०० व्हीएचा घे आणि खोक्यावर वॅट वाच, ६०० च्या आसपास हवेत. प्युअर साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) परवडला तर उत्तम, कारण अॅक्टिव्ह पीएफसीच्या (भिंतीतून वीज नीट ओढायची सोय असलेल्या) काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह मानवत नाही. प्रिंटर त्याला जोडू नकोस. जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा कचऱ्यात देऊ नकोस, आत शिसं आणि अॅसिड असतं. नवी विकणारा दुकानदार जुनी घेऊन पैसे कमी करतो.

रात्रपाळी
ठीक. शनिवारची मॅच थेट सॉकेटवरच खेळतो, पगार झाला की यूपीएस. सगळ्यांचे आभार, सोल्डर दादांचे विशेष.

पवननगरी
लॅपटॉपचं कोणी सांगेल का? अॅडमिशनच्या आधी घ्यायचा आहे.

सोल्डर
वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. १६ जीबी रॅमखाली घेऊ नका, एवढं आत्ताच लक्षात ठेवा.