लेक लातूरला नीटची तयारी करतेय, पण पार मिटून गेलीय. परत आणावं का?

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही निलंगा तालुक्यातले. मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९६ टक्के पडले, गावात पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी लातूरला जाऊन क्लासची फी भरून आलो. तिला विचारलं नव्हतं असं नाही. पण सगळ्यांदेखत "डॉक्टर व्हायचंय ना?" म्हटल्यावर पोर नाही कशी म्हणणार? ट्युशन एरियात दोन मुलींबरोबर खोली करून दिली आहे. कॉलेज नावापुरतं, दिवसभर क्लास, रात्री अभ्यासिका.

दर रविवारी टेस्ट असते. संध्याकाळी ७२० पैकी मार्क आणि रँक आमच्या मोबाईलवर येते. दिवाळीपर्यंत ती पहिल्या बॅचला होती. मग लागोपाठ तीन टेस्टना घसरली, ३१२ वर आली, आणि तिला तिसऱ्या बॅचला टाकलं. यादी जिन्यात लावतात, येता-जाता सगळे वाचतात. खोलीतल्या दोघी वरच्याच बॅचला राहिल्या. तेव्हापासून ही त्यांच्यासोबत जेवायलाही बसत नाही.

मागच्या शनिवारी न कळवता गेले. दुपारचे तीन वाजले होते, मेसचा डबा दाराशी तसाच. उघडला तर वरणावर साय धरलेली. टेबलावर बायोलॉजीचं एनसीईआरटीचं पुस्तक, एकेका ओळीखाली तीन-तीन रंगांच्या रेघा. मी पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारले, घडाघडा सांगितलं तिने. म्हणाली, "आई, इथे सगळं येतं गं. पेपर समोर आला की हात गार पडतात. गोल भरताना वाटतं, हा चुकला तर चार गेले आणि वर एक कापला." वेणी घालायला घेतली तर फणीत केसांचा पुंजका आला.

मी निघताना ती म्हणाली, "मी नसते तर तुमचे एवढे पैसे तरी वाचले असते." मी "असलं बोलू नये" म्हणून तिला गप्प केलं. एसटीत बसल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे.

हे वाईट नाहीत हो. पण त्यांचं म्हणणं, सगळ्यांचीच पोरं सोसतात, दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. परत आणली तर ती कायमची हरल्यासारखी होईल का? नीट सोडून काही धड मार्ग उरतो का? आणि यांना कसं सांगू? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी कृपा करून लिहा.

प्रतिसाद १

ताई, बॅच, नीट, फी सगळं बाजूला ठेवा. "मी नसते तर" हे वाक्य आधी. मी बारा वर्षं ज्युनिअर कॉलेजात समुपदेशनाचं काम करते, म्हणून सांगते, आजच लातूरला जा आणि तिला स्पष्ट विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, उलट पोरींना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं, किंवा ती नुसती गप्प राहिली, तरी एकटी ठेवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. निघण्याआधी तुम्ही स्वतः लावून बघा.

आणि यजमानांना हेही सांगा : २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्लासवाल्यांना सांगितलं आहे की शक्यतो मार्कांवरून बॅचेस पाडू नका, मुलांना चारचौघांत कमी लेखू नका. शंभर किंवा जास्त मुलं असतील तिथे समुपदेशक नेमायलाही सांगितलं आहे. म्हणजे जिन्यातल्या यादीने पोर खचली, तर दोष तिच्या सोसण्यात नाही. ही यादी उतरवा, असं क्लासला लेखी द्या.

प्रतिसाद २

काकू, मी पण लातूरलाच होतो, दोन वर्षं. दुसऱ्या वर्षी घरी राहून अभ्यास केला. नीट नाही निघाली, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपवर बी.फार्मला लागलो. त्या पेपरात मार्क कापत नाहीत, बी.एस्सी. ॲग्रीलाही तोच चालतो. तुमच्या मुलीला ७२० पैकी ३६० मार्कांचं बायोलॉजी तोंडपाठ आहे, ते वाया नाही जाणार. घरी आल्यावर मला बरं वाटलं ते एका गोष्टीमुळे : बाबांनी रविवारी मार्क विचारणं बंद केलं.

धागाकर्ती

प्रतिसाद १ वाचून तशीच निघाले. हेही आले, दुकान बंद करून. विचारलं. लगेच काही बोलली नाही, मग माझ्या मांडीत डोकं ठेवून म्हणाली, "दोनदा आलं होतं मनात." हे दारातच खाली बसले. आम्ही दोघांनी मिळून तिची पुस्तकं पोत्यात भरली, तिने एकच वही हातात ठेवली. उद्या सकाळी अकराला लातुरातच डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, आज रात्र माझ्या बहिणीकडे आहोत. आत्ता ती भात जेवली आणि झोपली. क्लासचं पुढे काय, ते नंतर लिहीन. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना तिला काय सांगून न्यावं, कोणाला अनुभव असेल तर रात्रीतून लिहा.