मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन गिप्सलँड लेक्स – मुक्काम कुठे करावा?

टार्निटकर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आई-बाबा, बायको आणि पाच वर्षांची लेक अशा सगळ्यांना घेऊन गिप्सलँड लेक्सला (मेलबर्नच्या पूर्वेकडची, समुद्रकिनाऱ्यालगतची सरोवरं) चार-पाच दिवस जायचा विचार आहे. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटला राहतो. आई-बाबा जानेवारीत पुण्याहून आलेत. शहर, ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंड हे सगळं झालंय. आता गर्दी नसलेल्या, पाण्याकाठच्या जागी शांतपणे राहावं अशी दोघांचीही इच्छा आहे.

अडचण अशी की प्रत्येकजण वेगळं गाव सुचवतो. कुणी म्हणतं लेक्स एन्ट्रन्स, कुणी पेन्सव्हिल, कुणी मेटुंग. नकाशावर तिन्ही जवळजवळ दिसतात, पण मध्ये पाणी असल्यामुळे रस्त्याने अंतर बरंच वाढतं असं ऐकलं. रोज सामान हलवायचं नाही, एकाच ठिकाणी खोली घ्यायची आहे.

घरच्यांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास आरामात चालते, पण जिने आणि वाळू जमत नाही. ती शाकाहारी आहे. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं, त्यामुळे मासे आणि पाणी हे दोन्ही त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. कुठेही नदी दिसली की तिचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे विचारल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. लेकीला कोआला झाडावर बघायचाय, पिंजऱ्यात नाही.

माझे प्रश्न:

मुक्काम कुठे? टार्निटहून एका दमात गाडी चालवावी की वाटेत थांबावं? बकनच्या गुहा आईला झेपतील का? आणि मालाकूटा याच फेरीत जोडता येईल का? फोटो पाहून बाबांना तिकडेही जावंसं वाटतंय.

आई-बाबांबरोबर असा निवांत वेळ पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून सहल धावपळीत जाऊ नये एवढीच तळमळ आहे. आगाऊ धन्यवाद.

सेलवासी

मी काही वर्षं तिथून जवळच्या सेल गावात नोकरी करत होते आणि माझे सासू-सासरे आले की दर वेळी तिकडे न्यायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मालाकूटा मनातून काढून टाका. जागा अप्रतिम आहे यात वाद नाही, पण लेक्स एन्ट्रन्सच्या पुढे आणखी अडीच तासांच्या आसपास जंगलातला रस्ता आहे. जाऊन-येऊन एक अख्खा दिवस गाडीत जाईल. ती वेगळी सहल करा.

मुक्काम पेन्सव्हिलला करा. गाव सपाट आहे, पाण्याकाठाने चालायला बांधीव वाट आहे, जागोजागी बाकं आहेत. आईंना सकाळ-संध्याकाळ गाडीत न बसता पाण्याजवळ जाता येईल, आणि तुमच्या वर्णनावरून मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शिवाय समोरच रेमंड आयलंड. मधल्या अरुंद पट्ट्यातून साखळीवर ओढली जाणारी फेरी सतत ये-जा करते. पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही, गाडी नेली तर पैसे पडतात. गाडी नेऊच नका. पलीकडे उतरलं की लगेच कोआला ट्रेलच्या खुणा सुरू होतात. सव्वा किलोमीटरच्या आसपासचा सपाट फेरा आहे आणि तो लोकांच्या घरांमधून, निलगिरीच्या झाडांखालून जातो. हे कोआला १९५३ साली बेटावर आणून सोडले होते, त्यांचीच आताची प्रजा. लेकीला सांगा की फांद्यांच्या बेचक्यात राखाडी गोळा शोधायचा. दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपलेलेच असतात, त्यामुळे एकदा दिसला की हवा तेवढा वेळ बघता येतो. आवाज करायचा नाही, हात लावायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

अंतराचं तुम्ही बरोबर ऐकलंय. पेन्सव्हिलहून लेक्स एन्ट्रन्सला जायचं तर आधी वर बेर्न्सडेलला यावं लागतं आणि मग पुन्हा किनाऱ्याकडे. पाऊण-एक तास धरा. ते एका दिवसात छान जमतं.

प्रवासाचं म्हणाल तर मेलबर्नच्या मध्यापासून बेर्न्सडेल २८० किलोमीटर, आणि टार्निटहून शहर पार करायचाच एक तास धरा. वाटेत ट्रॅरल्गनला जेवा आणि सेलला पाय मोकळे करा. सेलजवळ लाटरोब नदीवर १८८३ सालचा फिरता पूल आहे. बोटींना वाट देण्यासाठी अख्खा पूल आडवा फिरायचा. बाबांना तो दाखवाच. फक्त उजेड असताना मुक्कामी पोहोचा. संध्याकाळी कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात.

निळाशार

वरच्या ताईंशी थोडा असहमत. पेन्सव्हिल संध्याकाळी लवकर सामसूम होतं. लेक्स एन्ट्रन्सला खाण्याच्या जागा, खेळायची बाग, मासेमारीच्या बोटी आणि तळ्यांतून फिरवणाऱ्या बोटी सगळं एका लांब रस्त्यावर आहे. कनिंगहॅम आर्मवरचा पादचारी पूल ओलांडला की थेट नाइंटी माइल बीच. लहान मूल बरोबर असेल तर हे सोयीचं पडतं.

मेटुंग सुंदर आहे पण चढउताराचं आहे आणि राहायला महाग. तिथे गरम पाण्याची कुंडं झाली आहेत. गुडघ्यांसाठी म्हणून आईंना एक दुपार न्यायला हरकत नाही, आधी डॉक्टरांना विचारा.

टार्निटकर

दोघांचेही मनापासून आभार. मालाकूटा रद्द. बाबा किंचित हिरमुसले, पण फिरत्या पुलाचं सांगितल्यावर कळी खुलली.

आम्हाला सामसूम चालेल, किंबहुना तेच हवंय. तरी खाण्याचं कसं करायचं? आईला बाहेरचं रोज सोसणार नाही. आणि गुहांचं अजून कुणी सांगितलं नाही.

फोडणीची पोळी

खाण्याचं मी सांगते. हॉटेलची खोली घेऊ नका, स्वयंपाकघर असलेली केबिन किंवा घर घ्या. हॉलिडे पार्कमधल्या केबिनमध्ये गॅस, फ्रीज, भांडी असतात. पण कुकर, कालथा, सांडशी आणि धारेची सुरी आपलीच न्यावी. फोडणी देताना आधी पंखा लावा, खिडक्या उघडा. तिथले धुराचे अलार्म मिरची-मोहरीला लगेच ओरडतात. मी तर फोडणी घरूनच करून बाटलीत भरून नेते.

किराणा जाताना डँडेनाँगला घ्या, तुमच्या वाटेपासून फार लांब नाही. पुढे बेर्न्सडेलला मोठी सुपरमार्केट आहेत, भाज्या, दूध, दही सगळं मिळेल, पण ज्वारीचं पीठ किंवा पोहे शोधत बसाल. शाकाहारी माणसाला तिथल्या कॅफेत टोस्ट, चिप्स आणि सॅलडच्या पलीकडे रोज काही मिळेल याची खात्री नाही, म्हणून दुपारचा डबा बरोबर ठेवाच. बागांमधून फुकट वापरायच्या विजेच्या शेगड्या असतात. त्यावर घडीच्या पोळ्या मस्त गरम होतात.

बाबांसाठी लेक्स एन्ट्रन्स. व्हिक्टोरिया राज्यातल्या मोठ्या मासेमारी ताफ्यांपैकी एक तिथे आहे आणि बुलक आयलंडवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचं दुकान आहे. फ्लॅटहेड घ्या, काटे काढायला सोपा आणि आपल्या मसाल्यात छान लागतो. कोळंबी मिळाली तर सोडू नका. खुद्द सरोवरांमधली व्यापारी जाळी २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे तिथे बहुतेक माल समुद्रातला. बाबांना गळ टाकून बसायचं असेल तर आणखी चांगलं: सत्तरी ओलांडलेल्यांना व्हिक्टोरियात मासेमारीचा परवाना लागत नाही. तुम्ही गळ हातात घेणार असाल तर मात्र तुम्हाला काढावा लागेल, ऑनलाइन मिळतो. कुठला मासा किती लांबीचा ठेवता येतो ते नियम आधी वाचा.

गाळ आणि पाणी

धागा वाचून राहवलं नाही. तुमच्या बाबांसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखवा.

वेलिंग्टन, व्हिक्टोरिया आणि किंग ही तीन मोठी सरोवरं एकमेकांना जोडलेली आहेत. लाटरोब, थॉमसन, एव्हन, मिचेल, निकल्सन आणि टँबो या नद्यांचं पाणी डोंगरांतून येऊन शेवटी त्यांत पडतं. समुद्र आणि सरोवरं यांच्यामध्ये आहे ती फक्त वाळूची लांब पट्टी, तिचीच बाहेरची बाजू म्हणजे नाइंटी माइल बीच. पूर्वी समुद्राकडे जाणारं मुख नैसर्गिक होतं. कधी उघडं, कधी वाळूने बुजलेलं, जागाही सरकायची. आपल्या कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे तयार होतात आणि होड्या भरतीची वाट बघत थांबतात, ते बाबांनी पाहिलेलं असणारच. इथे जहाजं अशीच अडकायची. म्हणून पट्टी कापून कायमचं मुख करायचं ठरलं आणि ते १८८९ साली खुलं झालं. आजही ते बोटींसाठी खुलं ठेवायला वाळू उपसत राहावी लागते.

आता खरी गोष्ट पुढे आहे. कायमचं मुख झालं आणि खारं पाणी आत खोलवर जाऊ लागलं. पूर्वी काठाने गोड्या पाण्यातले बोरू दाट वाढायचे आणि काठ धरून ठेवायचे. खाऱ्या पाण्याने ते मेले. त्याचा परिणाम बघायला ईगल पॉइंटला जा, पेन्सव्हिल आणि बेर्न्सडेलच्या मध्ये आहे. तिथल्या उंचवट्यावरून मिचेल नदीचे गाळाचे बांध दिसतात. नदी सरोवरात शिरल्यावरही स्वतःच्याच गाळाच्या दोन काठांमधून आठेक किलोमीटर पुढे जाते, दोन्हीकडे सरोवराचं पाणी आणि मध्ये नदी. बोरू गेल्यापासून हे बांध लाटांनी खचत आहेत, म्हणून ठिकठिकाणी दगड टाकून काठ राखलेत. बांधावरून गाडीचा रस्ताही जातो. आयुष्यभर पाण्याचं नियोजन केलेल्या माणसाला एका ठिकाणी उभं राहून इतकं शिकवणारी जागा माझ्या माहितीत दुसरी नाही. दोन तास राखून ठेवा, घाई करू नका.

मुख वरून बघायचं तर लेक्स एन्ट्रन्सच्या अलीकडे हायवेवरच जेमीज पॉइंट आहे. गाडीतून उतरलं की समोरच, आईंना चालावं लागणार नाही.

बूनचं झाड

गुहांबद्दल: बकन लेक्स एन्ट्रन्सहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रॉयल केव्ह आणि फेअरी केव्ह अशा दोन मुख्य गुहा आहेत, दोन्हींत वाटाड्याबरोबरच जाता येतं. फेअरी केव्ह १९०७ मध्ये फ्रँक मून यांनी शोधली. दोन्हींत पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी वाकावं लागतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईंना नेऊ नये असं स्पष्ट सांगतो. आत गेल्यावर मधूनच परत फिरता येत नाही. त्यांना बाहेरच्या हिरवळीवर बसवा, कांगारू चरायला येतात, सावली भरपूर आहे. तुमच्यापैकी एकजण त्यांच्यासोबत थांबा. आत बारा महिने सतरा अंशांच्या आसपास तापमान असतं, लेकीला स्वेटर घ्या.

आणखी एक विनंती. ही भूमी गुनाइकुर्नाई या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. त्यांच्या कथेत बोरून नावाचा पेलिकन डोक्यावर होडी घेऊन डोंगरांतून चालत येतो. पाण्याशी पोहोचून होडी खाली ठेवतो तर आत तुक, म्हणजे कस्तुरी बदक, बसलेली असते. ती दोघं या लोकांचे आदि माता-पिता. पेन्सव्हिलच्या धक्क्यावर पेलिकन पदोपदी दिसतील. मुलीला ही गोष्ट आधी सांगून ठेवा, मग ती ते पक्षी वेगळ्या नजरेने बघेल. बेर्न्सडेलला क्रोवाथुंकूलोंग हे त्यांचं वस्तुसंग्रहालय आहे, छोटं पण मनापासून जपलेलं. शक्य तर जा.

सेलवासी

निघण्यापूर्वी काही गोष्टी, जरा कळकळीने.

नाइंटी माइल बीचवर समुद्रात शिरू नका. खेचून नेणारे प्रवाह आहेत. उन्हाळ्यात लाल-पिवळे झेंडे लावून जीवरक्षक असतात, त्या झेंड्यांच्या मध्येच पाय भिजवा. लेकीला डुंबायचं असेल तर सरोवराचा उथळ काठ बरा, पण तिथेही पाण्यावर हिरवा तवंग दिसला किंवा सूचनाफलक असला तर उतरायचं नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचा त्रास अधूनमधून होतो.

फेब्रुवारी हा वणव्यांचा काळ. २०१९-२० च्या उन्हाळ्यात हाच पूर्व गिप्सलँड होरपळला होता. फोनवर व्हिक-इमर्जन्सी हे आपत्तीच्या इशाऱ्यांचं ॲप टाका आणि रोज सकाळी बघा. टोकाच्या धोक्याचा इशारा असेल त्या दिवशी बकनला जाऊ नका, पेन्सव्हिललाच थांबा.

आणि आई-बाबांच्या विम्यात ॲम्ब्युलन्सचा खर्च आहे का ते आजच तपासा. व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, नसतं आणि तिकडे अंतरं मोठी आहेत. जवळचं मोठं रुग्णालय बेर्न्सडेलला. गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या.

टार्निटकर

तुम्ही सगळ्यांनी घरच्या माणसांसारखा विचार केलात. बाबांना 'गाळ आणि पाणी' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि वहीत नद्यांची नावं उतरवून घेतली.

ठरलं ते असं. पेन्सव्हिलला स्वयंपाकघर असलेलं तळमजल्यावरचं घर, सोमवार ते शुक्रवार. पहिल्या सकाळी रेमंड आयलंड. एक दिवस ईगल पॉइंट आणि बेर्न्सडेल. एक दिवस लेक्स एन्ट्रन्स: जेमीज पॉइंट, मासे, दुपारी बोट. गुहा जमल्या तर, नाही तर नाही. उरलेला वेळ आई म्हणेल तसा. विम्यात ॲम्ब्युलन्स आहे, तपासलं.

शेवटचा प्रश्न: बोटीतून डॉल्फिन दिसतात का? लेकीला कबूल करण्याआधी विचारतोय.

निळाशार

दिसतात, पण कबूल करू नका. तिथले बुरुनान डॉल्फिन २०११ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदवले गेले. गिप्सलँड लेक्स आणि मेलबर्नचा पोर्ट फिलिप बे याच त्यांच्या दोन मुख्य वस्त्या आहेत आणि संख्या फार थोडी. वारा कमी असताना, सकाळच्या बोटीला शक्यता बरी असते, कारण सपाट पाण्यावर पाठीचा पंख लांबूनही ओळखू येतो. तेव्हा दुपारऐवजी सकाळची बोट घ्या आणि मासे परतताना खरेदी करा, बर्फाची पेटी न्यायला विसरू नका.